चक्का, कागदी लिंबू आणि फ्रिज

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि त्याबरोबर खंडाळा तालुकाही. लोणावळ्याच्या शेजारचं थंड हवेचं खंडाळा निराळं. हे खंडाळा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, उन्हाळ्यात चांगलंच तापणारं. तालुक्यातलं पहिलं मोठं गाव शिरवळ. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गोदरेजचा फ्रिज तयार करणारा कारखानाही आहे. इथे गाईम्हशींच्या दुखण्यावर उपचार शिकवले जातात आणि घराघरांत जाणारी थंडीही इथेच पत्र्याच्या कपाटात बसवली जाते. या प्रकरणातल्या गोड पदार्थाला मुख्यतः याच दोन गोष्टी लागतात: सकस दूध आणि भरवशाची थंडी. ओव्हनची गरजच पडत नाही.

पदार्थ आहे चीजकेक, तोही लिंबाचा आणि न भाजलेला. शहरातल्या कॅफेच्या काचेआड त्याचा त्रिकोणी तुकडा ज्या किमतीला मिळतो, ती पाहून बरेच जण दुरूनच परततात. घरी करायचा म्हटलं तर पाककृतीत पहिल्याच ओळीत क्रीम चीज लिहिलेलं असतं. तालुक्याच्या गावात ते सहज मिळत नाही, मिळालं तर महाग पडतं. म्हणून हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघराचा नव्हे, अशी समजूत झाली आहे. ती चुकीची आहे. लिंबाचा थंड चीजकेक करायला सातारा-सांगलीकडच्या घरांइतकी योग्य जागा सापडणं अवघड, कारण त्याचा गाभा तिथे पिढ्यान्‌पिढ्या खुंटीला टांगून तयार होत आला आहे. तो गाभा म्हणजे चक्का.

चीज घातलेल्या गोड केकचा इतिहास फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात चीज, पीठ आणि मध यांच्या केकची कृती लिहून ठेवली. तो केक भाजायचा होता. पुढे दोन हजार वर्षं युरोपात चीजकेक भाजलेलाच राहिला, आणि त्याला कारणही तसंच होतं. चीज पातळ असायचं, त्याला धरून ठेवायला अंडं लागायचं, आणि अंड्यातली प्रथिनं उष्णतेशिवाय घट्ट होत नाहीत. भट्टीच्या जागी थंडी वापरायची तर ती थंडी घरात हवी. युरोप-अमेरिकेत घरगुती फ्रिज विसाव्या शतकात रुळला, आणि न भाजलेला चीजकेकही त्याच शतकात लोकप्रिय झाला. भारतात गोदरेजने फ्रिज बनवायला १९५८ साली सुरुवात केली. मध्यमवर्गीय मराठी घरात तो यायला आणखी बराच काळ गेला. श्रीखंड मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाडव्याच्या पानात होतं.

क्रीम चीज हा तसा तरुण पदार्थ. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स याने १८७२ साली दुधात जास्तीची साय घालून मऊ चीज करायला घेतलं. १८८० साली त्याला फिलाडेल्फिया हे नाव मिळालं. माल न्यूयॉर्क राज्यातला असला तरी त्या काळी फिलाडेल्फियाच्या लोण्याचा आणि चीजचा लौकिक मोठा होता, तो या नावाने उचलला. अमेरिकी नियमानुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश हवा आणि पाणी ५५ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

आता चक्क्याकडे पाहावं. आपल्याकडच्या मानकानुसार चक्क्यात किमान ३० टक्के घनपदार्थ हवेत आणि त्या घनपदार्थांत निदान एक तृतीयांश स्निग्धांश. म्हणजे एकूण चक्क्यात तो किमान दहा टक्के झाला. म्हशीच्या दुधाच्या घरच्या चक्क्यात तो याहून बराच जास्त भरतो. क्रीम चीजइतका तुपकटपणा त्यात नसतो, हे खरं. पण लिंबाच्या केकसाठी ही उणीव नव्हे. जास्त स्निग्धांश आंबट चव दडपून टाकतो. क्रीम चीजच्या केकात लिंबू मागे राहतं, चक्क्याच्या केकात ते पुढे येतं.

दुधाची ही परंपरा सांगली जिल्ह्यात विशेष भक्कम आहे. कृष्णाकाठच्या भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा व्यवसाय मांडला. पुढे १९५० साली त्याच घराण्याने पुण्यात मिठाईचं दुकान काढलं. आज चितळ्यांचं श्रीखंड ठाऊक नसलेलं मराठी घर विरळा, पण त्यामागे भिलवडीच्या परिसरातलं म्हशीचं दूध आहे. खाली कोल्हापुरात तर गंगावेशीच्या कट्ट्यावर ग्राहकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या भागांत वाढणारी पंढरपुरी म्हैस लांबलचक, मागे वळलेल्या शिंगांवरून लगेच ओळखू येते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. प्रथिनंही म्हशीच्या दुधात जास्त. म्हणून त्याचं दही सुरीने कापावं असं लागतं आणि चक्का भरपूर निघतो. एक किलो दह्यातून साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम.

दह्याचा चक्का होताना आत काय घडतं, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. दुधातली केसिन ही प्रथिनं अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतात. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो, तेव्हा हे गोळे एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. पीएच उतरत उतरत ४.६ च्या आसपास आला की गोळ्यांमधला दुरावा संपतो, ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात. दही मलमलच्या फडक्यात टांगलं की पाणी निथळतं, जाळं आणि त्यातली साय मागे उरते. ओव्हनमध्ये उष्णता जे करते, ते इथे आम्लाने विस्तवाशिवाय केलेलं असतं.

दुसरं आम्ल लिंबाचं.

लिंबाच्या घराण्याचं मूळ भारताच्या ईशान्येला सापडतं. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी दाखवलं: आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि चीनचा पश्चिम युन्नान. त्याच अभ्यासातून आणि त्याआधीच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. आपलं कागदी लिंबू हे संकरातून आलेलं फळ आहे. त्याचा एक जनक आग्नेय आशियातलं मायक्रँथा नावाचं रानटी लिंबू, आणि दुसरा महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे, तेच हे महाळुंग. जाड सालीचं, रस जेमतेम असणारं, पण सुगंधाने भरलेलं. पाश्चात्त्य देशांतला पिवळा मोठा लेमनसुद्धा महाळुंगाच्याच वंशातला. त्याचा दुसरा जनक आंबट संत्रं.

कागदी लिंबू अरबांबरोबर पश्चिमेला गेलं आणि स्पॅनिश लोकांबरोबर अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचलं. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या कीज नावाच्या बेटांवर ते इतकं रुजलं, की त्याला ‘की लाइम’ म्हणू लागले. त्या लिंबाचा ‘की लाइम पाय’ २००६ साली फ्लोरिडाचा अधिकृत राज्य-पाय ठरला. खंडाळ्याच्या आठवडी बाजारात वाट्यावर विकलं जाणारं लिंबू आणि त्या जगप्रसिद्ध पायमधलं लिंबू ही एकच जात आहे. घरी लिंबाचा केक करणाऱ्याने बाहेरदेशीचा पिवळा लेमन मिळत नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही.

त्या बेटांवर ताज्या दुधाची वानवा होती. तिथे डब्यातलं आटवलेलं गोड दूध वापरत, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क. गेल बोर्डन या अमेरिकी माणसाने १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं. भारतात नेस्लेने १९६१ साली पंजाबातल्या मोगा इथे कारखाना काढला, आणि मिल्कमेड घरोघरी ओळखीचं झालं. साध्या दुधात लिंबू पिळलं तर ते नासतं, पाणी आणि चोथा वेगळे होतात. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पिळलं तर ते न फुटता दाट आणि तुकतुकीत होतं. केसिन दोन्हीकडे तेच आणि आम्लही तेच. फरक पाण्याचा आणि साखरेचा. आटवलेल्या दुधात मोकळं पाणी फार कमी असतं, चाळीस टक्क्यांहून जास्त साखर असते, आणि आधीच तापवल्यामुळे त्यातल्या प्रथिनांचा स्वभाव बदललेला असतो. म्हणून गुठळ्या न होता सगळं मिश्रणच एकसारखं आळतं. लिंबाच्या न भाजलेल्या केकमागचं मुख्य शास्त्र एवढंच आहे, आणि ते वाटीभर कंडेन्स्ड मिल्कमध्ये दोन चमचे रस घालून कोणालाही दोन मिनिटांत डोळ्यांनी पाहता येतं.

आता प्रत्यक्ष कृती. आदल्या दिवशी म्हशीच्या दुधाचं ताजं, फार आंबट न झालेलं दही आठशे ग्रॅम घ्यावं. विरजण लागून शिळं झालेलं दही नको, कारण लिंबाचा आंबटपणा पुढे यायचाच आहे आणि दह्याचा आंबटपणा त्याच्यावर चढला की चव खरखरीत होते. थंडीत सहा-आठ तास टांगलं तरी चालतं. मे महिन्यात मात्र ओट्यावर टांगू नये; फडक्यात बांधून चाळणीवर ठेवावं, चाळणीखाली पातेलं, आणि हे सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी फडकं सोडल्यावर चक्का फडक्यापासून स्वच्छ सुटला आणि त्यात बोट दाबल्यावर खळगा तसाच राहिला, तर तो तयार समजावा. तीनशे ग्रॅम मोजून घ्यावा. खाली जमलेलं दह्याचं पाणी टाकून देऊ नये. थालीपीठाचं पीठ त्यात भिजवलं तर छान होतं.

तळाच्या थरासाठी दीडशे ग्रॅम मारी बिस्किटं. मारीचा जन्म लंडनचा, पीक फ्रीन्स कंपनीतला. रशियाच्या सम्राटाची मुलगी मारिया हिचं लग्न १८७४ साली इंग्लंडच्या राजपुत्राशी झालं, त्यानिमित्ताने ते बिस्किट काढलं होतं. केकला ते आवडतं, कारण ते गोडाला बेताचं आणि कोरडं असतं. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने रव्याइतकी बारीक करावीत; मोठे तुकडे राहिले की कापताना थर ढासळतो. त्यात ऐंशी ग्रॅम वितळलेलं लोणी आणि चिमूटभर मीठ. लोणी नसेल तर साठ ग्रॅम साजूक तूप पुरतं, कारण तुपात पाणी नसतं. तुपाचा थर किंचित रवाळ होतो आणि वासाला लोण्यापेक्षा सरस लागतो. सात इंची, बाजू सुटणाऱ्या साच्यात हे मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं. साचा नसेल तर काचेच्या ग्लासात किंवा स्टीलच्या वाट्यांत लावावं. मग कापण्याची काळजीच उरत नाही आणि पहिल्यांदा करणाऱ्याने खरं तर तसंच करावं.

लिंबं पिळण्याआधी त्यांची साल किसून घ्यायची. हा क्रम उलटला तर पिळलेल्या लिंबाची साल किसणीवर धड किसली जात नाही. लिंबाचा वास रसात थोडा असतो, सालीत फार. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यातल्या सिट्रालमुळे लिंबाचा तो नेमका गंध येतो. त्याखालचा पांढरा थर कडू. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणे पातळ असते, म्हणून बारीक किसणीवर हात हलका ठेवून, एका जागी एकदाच फिरवावा. लिंबं आधी कोमट पाण्याने चोळून धुवावीत. दोन लिंबांची साल पुरे. किसलेली साल लगेच दोन चमचे पिठीसाखरेत चुरडून ठेवली तर साखर तेल ओढून घेते आणि पुढे सगळ्या केकात वास सारखा पसरतो. मग रस काढावा, पन्नास मिलिलिटर. मध्यम आकाराची चार-पाच लिंबं लागतात.

चक्का पुरणयंत्रातून काढावा. श्रीखंड करणाऱ्या घरात हे सांगावं लागत नाही. मिक्सर वापरू नये, पाती चक्क्याचं जाळं तोडतात आणि मिश्रण पातळ होतं. मऊ झालेल्या चक्क्यात दोनशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि सालीची साखर घालून चमच्याने घोटावं, शेवटी रस थोडा थोडा घालावा. रस पडताच मिश्रण आळायला लागतं. ते थरावर ओतून आठ तास फ्रिजमध्ये ठेवलं की ग्लासातला केक तयार.

इथे एक सूचना पाकिटातल्या फ्रेश क्रीमबद्दल. परदेशी पाककृतींत फेसलेली साय घालायला सांगतात. आपल्याकडच्या नेहमीच्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, आणि साय फेसून उभी राहायला निदान तीस टक्के लागतो. ती कितीही फेटली तरी फुगत नाही. उलट केक ढिला पडतो. ती वगळणंच बरं.

साच्यातून काढून सुरीने कापायचा केक हवा असेल तर आणखी आधार लागतो. परदेशात तिथे जिलेटिन घालतात. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरांत चालत नाही. शिवाय त्याचा एक दोष आपल्या हवेत फार जाणवतो: जिलेटिनचं जाळं तीस-पस्तीस अंशांना विरघळतं. खंडाळ्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असताना जिलेटिनचा केक ताटात येईपर्यंत आकार सोडू लागतो. चायना ग्रास, म्हणजे अगर, लाल सागरी शेवाळापासून काढतात. ते पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास गोठतं, पण पुन्हा वितळायला पंच्याऐंशी अंशांच्या जवळ तापमान लागतं. उन्हाळ्यात याच्याइतका भरवशाचा पदार्थ नाही.

अगर वापरण्याच्या दोन अटी आहेत. पहिली, ते लिंबाच्या रसात उकळायचं नाही. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की अगरच्या साखळ्या तुटतात आणि पकड जाते. तीन ग्रॅम पावडर शंभर मिलिलिटर साध्या पाण्यात दोन मिनिटं उकळावी. दुसरी, चक्का फ्रिजमधून काढलेला गार नको. गार चक्क्यात गरम अगर ओतलं तर ते लागलीच गोठतं आणि केकमध्ये चिकट कण लागतात. चक्का आणि कंडेन्स्ड मिल्कचं मिश्रण खोलीच्या तापमानाला आणावं, त्यातलं पळीभर अगरमध्ये घोटावं, मग ते सगळं मोठ्या भांड्यात घालावं आणि रस शेवटी. हात भरभर चालवावा लागतो. अशा केकचे तुकडे गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने स्वच्छ पडतात.

लिंबाखेरीज इतर फळांचं काय? नागपुरी संत्र्याचा आंबे बहार दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो आणि मृग बहार फेब्रुवारीपासून. संत्र्याच्या रसात आम्ल एक टक्क्याच्या आतबाहेर, लिंबाच्या रसात सहा-सात टक्के. त्यामुळे फक्त संत्र्याच्या रसाने कंडेन्स्ड मिल्क आळत नाही, केक पातळच राहतो. वास संत्र्याच्या सालीचा घ्यावा, आंबटपणा लिंबाचाच ठेवावा, आणि वर सोललेल्या, पडदे काढलेल्या फोडी मांडाव्यात. मोसंबीत एक अडचण वेगळीच आहे. तिचा ताजा रस गोड लागतो, पण तासाभरात कडवट होऊ लागतो, कारण फळातला एक बेचव घटक रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. आठ तास फ्रिजमध्ये राहणाऱ्या मिश्रणात मोसंबीचा रस घालूच नये. ईडलिंबू मात्र बेलाशक वापरावं. त्याची साल जाड आणि सुगंधी, किसायला सोपी; लोणच्यासाठी आणलेल्यातलं एक बाजूला काढावं.

लिंबाच्या भावाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात ती स्वस्त असतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा थंड केक सर्वांत जास्त हवासा वाटतो, तेव्हा कडाडतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर किरकोळ बाजारात एकेक लिंबू दहा रुपयांच्या आसपास गेलं होतं. उन्हाळ्यात येणारं फळ हस्त बहाराचं असतं, आणि तो बहार धरायला पावसाळ्याच्या शेवटी झाडाला ताण बसावा लागतो. पाऊस लांबला की तो हुकतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात भरपूर रसासाठी नावाजलेली आहे. बाजारात आकाराला मोठी लिंबं शोधण्यापेक्षा पातळ, तुकतुकीत सालीची आणि हाताला जड लागणारी निवडावीत. रस त्यांतच जास्त. पावसाळ्यात रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर मे महिन्यातल्या केकला तो चालतो, फक्त साल ताजी हवी.

या केकला विस्तवाचा स्पर्श होत नाही, तेव्हा स्वच्छतेची जबाबदारी हाताची आणि भांड्यांची. फडकं उकळलेलं हवं, चमचा कोरडा हवा. तयार केक फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो. त्यापुढे चक्क्यातले जिवाणू संथपणे काम करत राहतात आणि आंबटपणा चढतो. डीप फ्रीझरमध्ये ठेवल्यास अगरचं जाळं फाटतं आणि वितळल्यावर पाणी सुटतं, म्हणून तिथे ठेवायचा तर अगर नसलेला ठेवावा. झाकण मात्र घट्ट हवं. दुधातला स्निग्धांश शेजारचा वास फार लवकर पकडतो. लोणंदची मोठी कांद्याची बाजारपेठ याच तालुक्यातली, आणि त्याच फ्रिजमध्ये कापलेल्या कांद्याची वाटी उघडी असेल, तर सकाळपर्यंत लिंबाच्या सालीचा वास मागे पडलेला असतो.